भूत रंगवताना

डिसेंबर उजाडला की आमच्या अकोटच्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. आमच्याकडे त्याला सगळेजण 'ग्यादरिंग' म्हणतात. नाच, गाणी, नाटुकली यांच्या जोडीला वेशभूषा स्पर्धा असतेच असते. तिच्यात जिजाऊ येतात, सावित्रीबाई येतात. डोक्यावर खापर आणि हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा तर दर वर्षी दोन-तीन तरी येतात. आणि या थोर मंडळींच्या रांगेत, अगदी शेवटी, दात विचकत एक तरी भूत उभं असतं.

मी चित्रकलेचा शिक्षक. नोकरीची सारी वर्षं अकोटलाच गेली आणि निवृत्तीनंतरही मुलांचे चेहरे रंगवण्याचं काम काही सुटलं नाही. तेव्हा आज मी तुमच्याशी भुताबद्दल बोलणार आहे. भूत आहे की नाही, या वादात मी पडत नाही. भूत रंगवायचं कसं, एवढाच माझा विषय. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, ती आधीच सांगून टाकतो. भूत नीट रंगवलं, मुलाच्या हातात आरसा देऊन रंगवलं, तर भीती कशी तयार होते हे त्या मुलाला कळतं. ज्याला भीती तयार करता येते, त्याला भीती दाखवून गप्प बसवणं पुढं अवघड जातं. बक्षीस मिळो न मिळो, ही कमाई मोठी आहे.

भीतीला चेहरा देण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, संकटं, वर्षभराची इडापिडा या सगळ्यांची मिळून केलेली ती भलीमोठी बाहुली. तिला वाजतगाजत मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. ज्याला तोंडच नाही त्याच्याशी भांडणार कसं? म्हणून आधी त्याला तोंड द्यायचं, मग अग्नी द्यायचा. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं नाना वेश करून, लाकडी बैल ओढत मिरवतात. तिकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर येतो. काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. पोरं त्याला पाहून आधी आईच्या पदराआड लपतात आणि तो मालवणीत बोलायला लागला की खदखदून हसतात. भीती आणि हसू यांची घरं अशी शेजारी-शेजारी आहेत.

आता मुख्य कामाकडे वळू. पहिला प्रश्न, तोंडाला लावायचं काय?

जुने सोंगाडी सफेदा, मुरदाडशिंग, हिंगूळ, शेंदूर, पिवडी, काजळ अशी सामग्री वापरत. नावं ऐकायला मोठी छान वाटतात. पण मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड. शेंदूरही शिशाचाच. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. तोंडाला चकाकी यायची ती या विषांची. सगळ्या जगातल्या नटांची हीच कथा होती. जर्मनीत लुडविग लाइश्नर नावाचा एक ऑपेरा गायक होता. स्वतः रोज रंग लावणारा हा माणूस. त्यानं 1870 नंतरच्या काळात शिसं नसलेले रंग तयार केले आणि नटांच्या पिढ्यांवर उपकार करून ठेवले. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आज सांगते, आणि सगळ्यांत जास्त धोका असतो तो लहान मुलांच्या मेंदूला. म्हणून देवळातला शेंदूर मुलाच्या तोंडाला नको. सुरमाही नको, कारण काही सुरम्यांमध्ये शिशाचं संयुग असतं.

हे झालं जुनं विष. आजच्या काळात दुसराच प्रकार चालतो. एका उत्सवात चौथीतल्या एका मुलाला भूत म्हणून उभं केलं होतं. रंग लावला होता दाराखिडक्यांना लावायचा चंदेरी ऑइलपेंट! लांबून भूत झकास दिसलं. रात्री रंग निघेना, तेव्हा रॉकेलचा बोळा फिरवला. मूल आठ दिवस सुजलेलं तोंड घेऊन घरी बसलं होतं. त्यानं कुणाला भ्यायला लावलं असेल ते असो, पण पुढं पावडरचा डबा दिसला तरी ते पळायला लागलं.

तेव्हा नियम साधा. भिंतीचा, कागदाचा, कापडाचा रंग चेहऱ्याला लावायचा नाही. पोस्टरकलरच्या बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो रंग पोटात गेला तर फार अपाय होणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो कातडीसाठी केलेला आहे असा नव्हे. चेहऱ्यासाठी म्हणून विकले जाणारे, पाण्यात कालवायचे रंग आता अकोल्याला मिळतात, मागवताही येतात. पांढरा, काळा, तपकिरी आणि लाल, एवढे चार पुरे. आदल्या दिवशी त्यातला थेंबभर रंग मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी तिथं खाज नाही, लाली नाही, तरच तो तोंडाला लावा. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला भूत करण्याचा हट्ट धरूच नका. त्याच्या गालावर काजळाचा एक ठिपका पुरे, त्याचं तेवढंच भूत गोड दिसतं.

आता भूत. आमच्या पालकांची भुताची कल्पना ठरलेली असते. तोंडभर पांढरी पावडर थापायची, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं काढायची आणि अंगावर चादर टाकायची. असं भूत मंचावर आलं की लोकांना जोकर वाटतो. कारण भीती रंगात नसते, ती सावलीत असते.

मी मुलाला आधी त्याच्याच बोटांनी त्याचं तोंड चाचपायला सांगतो. 'ही भिवईखालची कड लागते का? हे डोळ्याच्या खोबणीचं हाड. हे गालफड. ही कानशिलावरची खोलगट जागा. हा जबडा.' माणसाच्या कवटीत 22 हाडं असतात. मूल डोळे मिटून बोटांनी त्यातली काही शोधतं आणि एकदम दचकून म्हणतं, 'सर, म्हंजे माया तोंडात सांगाडा हायेच?' आहेच की बेटा! आपण फक्त तो दाखवणार आहोत.

मग हाती घ्यायचा स्पंज. चेहरा धुऊन, कोरडा करून, त्याला हलकंसं क्रीम लावावं. पांढऱ्या रंगात किंचित तपकिरी मिसळून राखेसारखा रंग करावा आणि ओल्या स्पंजनं तो हलके थापत पातळ लावावा. निव्वळ पांढरा दिव्याखाली चुन्यासारखा दिसतो. त्यानंतर तपकिरी घ्यावा आणि बोटांनी चाचपलेले सगळे खळगे त्यानं भरावेत. खोबणी, कानशिलं, नाकाच्या दोन्ही बाजू. मुलाला गाल आत ओढून मासोळीसारखं तोंड करायला सांगितलं की गालफडाखालचा खळगा आपोआप दिसतो, तिथंही लावावा. काळा सगळ्यांत शेवटी आणि अगदी थोडा, खळग्याच्या मधोमध. त्याच्या कडा बोटानं विरवून टाकाव्यात. रेघ दिसली की रंग दिसतो, रेघ विरली की खोली दिसते. पापण्यांच्या केसांपर्यंत रंग न्यायचा नाही. डोळे मिटलेले ठेवायचे. बाजारात मिळणारी रंगीत लेन्स तर मुलाच्या डोळ्यात कधीही घालू नये.

हाडांच्या उंचवट्यांवर पांढऱ्या रंगाचा पुसट हात द्यावा. ओठ बुजवून त्यांवर उभ्या बारीक रेघा ओढल्या की दात उघडे पडतात. शेवटी मुलाला क्षणभर श्वास धरायला सांगून पावडरचा पफ हलका दाबायचा, म्हणजे घामानं रंग ओघळत नाही. आणि मग आपण दहा पावलं मागं जाऊन बघायचं. वेशभूषेतलं भूत आरशातून नव्हे तर चौथ्या रांगेतून पाहिलं जातं.

1925 साली 'फँटम ऑफ द ऑपेरा' नावाचा एक मूकपट अमेरिकेत आला. त्यात लॉन चेनी या नटानं स्वतःच स्वतःचा चेहरा कवटीसारखा केला होता. डोळ्यांच्या खोबणी काळ्या केल्या, नाकाचा शेंडा वर ओढला. त्या काळी संगणक नव्हता, रबरी मुखवट्यांची कला बाळबोध होती. होतं ते हाडांचं ज्ञान आणि उजेड-अंधाराचं भान. या चेनीचे आईवडील ऐकू न येणारे होते. चेहऱ्यानं बोलायचं कसं, हे तो घरातच शिकला होता.

उजेडाचं म्हणाल तर एक प्रयोग आज रात्री घरीच करून बघा. आरशासमोर उभं राहून बॅटरी हनुवटीखाली धरा. स्वतःचंच तोंड ओळखू येणार नाही. सूर्य वर, दिवा वर. उजेड वरून पडलेले चेहरे पाहायची आपल्या डोळ्यांना जन्माची सवय. खालून उजेड आला की सगळ्या सावल्या उलट्या होतात आणि मन गोंधळतं. रात्री शेकोटीभोवती बसलेला ओळखीचा माणूसही वेगळा दिसतो, तो यामुळेच. वर्गातलं प्रत्येक मूल हा प्रयोग करतं, किंचाळतं, हसतं आणि पुन्हा करतं.

जखमा, सोललेली कातडी, सुरकुत्या हे सगळं करायला आपल्या भागात एक अस्सल वस्तू आहे. ती म्हणजे कापूस! अकोटच्या बाजारात ज्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात, तोच. 1931 सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटात जॅक पिअर्स या रंगभूषाकारानं बोरिस कार्लॉफ या नटाला राक्षस केलं, तेव्हा त्याचं ते चौकोनी कपाळ कापूस आणि कलोडियन नावाच्या एका चिकट द्रवाच्या थरांनी रचलं होतं. कलोडियन आपल्याला नको, मुलांच्या कातडीला ते जाचतं. आपण कणकेची खळ शिजवायची, निववायची, तिच्यात पिंजलेला कापूस बुडवून त्याचा पातळ पापुद्रा हाताच्या पाठीवर किंवा गालावर बसवायचा. वाळला की त्याला सुरकुत्या पडतात. वरून रंग दिला की शंभर वर्षांची म्हातारी तयार! रक्त हवं असेल तर साखरेच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घालावी. कॉफीमुळे रंग शेंदरी न दिसता काळपट दिसतो. फक्त मुंग्या येण्याआधी स्पर्धा उरकली पाहिजे! केसांसाठी अंबाडीचा वाख घ्यावा, पांढरे पिंजारलेले केस हुबेहूब होतात. पण वाख आणि कापूस दोन्ही चटकन पेटतात, म्हणून या भुताच्या हाती पणती, मेणबत्ती, टेंभा काही द्यायचं नाही. बॅटरी द्यायची.

आता जरा वेगळं बोलतो. भूत कसं दिसावं यापेक्षा ते कसं दिसू नये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक तर वर्गातलं सावळं मूल निवडून त्यालाच राक्षस करायचं, किंवा गोऱ्या मुलाला काळं फासून भूत म्हणायचं, हे बंद झालं पाहिजे. काळा रंग भीतीचा नाही. ज्या मातीत आमचा कापूस पिकतो ती काळीच आहे. दुसरं म्हणजे भाजलेला चेहरा, फाटलेला ओठ, झडलेली बोटं यांचं सोंग घ्यायचं नाही. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य वेचलं, ते या माणसांना समाजानं माणूस म्हणून बघावं यासाठी. त्याच मुलुखात आपण त्यांच्या दुखण्याचं भूत करून टाळ्या घ्यायच्या, हे शोभत नाही. प्रेक्षकांत तसा चेहरा असलेली एखादी आई बसलेली असू शकते.

सहावीतली एक मुलगी एकदा माझ्याकडे आली. 'सर, मले हडळ बनवा,' म्हणाली. तिच्या शाळेच्या वाटेवर चिंचेचं झाड होतं आणि तिथं हडळ आहे असं तिला घरीच सांगितलेलं. त्या झाडापासून ती रोज डोळे मिटून पळायची. आजी सोबत आलेली. आजी म्हणाली, 'कायले हडळ बनवून राह्यले मास्तर? आपून होऊन कोनी भूत घेते का अंगावर?' मी आजीला समोर पाट दिला, मुलीच्या हातात आरसा दिला आणि रंगवायला लागलो. रंगवता रंगवता विचारलं, 'हडळ कोण असते गं?' ती म्हणाली, 'बाळंतपनात मेलेली बाई.' मी म्हटलं, 'म्हणजे तिच्यापाशी त्या रात्री ना सुईण होती, ना डॉक्टर. मग ती रागावलेली असेल की रडत असेल?'

मुलगी बराच वेळ आरशात बघत राहिली. मग म्हणाली, 'रक्त नोका लावू सर. काजय ओघयलेलं दाखवा.' आम्ही दोन्ही डोळ्यांखाली काजळाच्या ओघळलेल्या धारा काढल्या. बाकी चेहरा राखेचा. मंचावर ती काहीच बोलली नाही, नुसती रिकाम्या हातांनी बाळाला जोजवत उभी राहिली. लोकांचं हसणं थांबलं. आजीनं पदर डोळ्यांना लावला. तिच्या एका सख्ख्या बहिणीचं असंच झालं होतं, हे मला नंतर कळलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. चिंचेखालून ती पुढं कशी जायला लागली, हे मी विचारलं नाही.

श्रोतेहो, भूत म्हटलं की आपल्याला गंमत वाटते, पण आपल्या राज्यात भुताच्या नावावर माणसांना मार खावा लागलेला आहे. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. अमुक एक बाई करणी करते, असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणंही गुन्हाच आहे. कायदा हवाच. पण कायदा येतो तो मार बसल्यावर. भीती त्याच्या कितीतरी आधी, चिंचेखालून पळणाऱ्या सहावीतल्या मुलीच्या मनात घर करते. तिथं आरसा लवकर पोचतो.

त्या रांगेतले गाडगेबाबा आठवतात ना? बाबांचं जन्मगाव शेंडगाव, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं, अकोटहून काही फार लांब नाही. नवस-सायास, देवापुढचे बळी, अंगारे-धुपारे यांच्यावर बाबांनी कीर्तनातून झोड उठवली, ती लोकांना प्रश्न विचारून. त्यांनी लोकांना हसवलं आणि हसता हसता विचार करायला लावलं. त्यामुळे आमच्या मंचावर गाडगेबाबा आणि भूत शेजारी उभे राहिलेले पाहून मला त्यात काही विसंगत वाटत नाही. दोघं एकच काम करत असतात, फक्त भुताला ते माहीत हवं.

2018 साली 'तुंबाड' नावाचा चित्रपट आला. त्यातली साखळदंडानं बांधलेली म्हातारी पाहून भले भले मोठे लोक खुर्चीत दबकले होते. त्या म्हातारीच्या रंगभूषेखाली कोण होतं, ठाऊक आहे? मोहम्मद समद नावाचा एक बालकलाकार! भुताचा पापुद्रा सोलला की आत एक मूल निघालं. मी हे वर्गात सांगितलं की मुलं एकमेकांकडे अशा नजरेनं बघतात, की जणू सगळ्यांच्या हाती काही गुपित लागलं आहे.

आता शेवटचं काम रंग उतरवण्याचं. घाईत हेच सगळ्यांत वाईट होतं. रॉकेल नको, थिनर नको, कपडे धुण्याचा साबण नको. पाण्याचा रंग कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं निघतो. न निघणाऱ्या जागी खोबरेल तेल चोळून मऊ सुती फडक्यानं टिपावं. डोळ्यांजवळ घासायचं नाही. खळीचा कापूस ओला करून सुटू द्यायचा, ओढायचा नाही.

आणि हे काम घरी जाऊन, अंधारात, एकट्यानं करू नका. मंचामागंच करा, धाकट्या भावंडांना समोर बसवा. मी आधी अर्धाच चेहरा पुसतो. एका बाजूला भूत, दुसऱ्या बाजूला दादा किंवा ताई. धाकटं लेकरू पहिल्यांदा मागं सरतं. मग हळूच पुढं येतं, एक बोट लावून बघतं आणि बोटाला लागलेला रंग स्वतःच्या नाकावर पुसतं. पुढच्या वर्षीचं भूत बहुतेक तेच असतं.